पाणी सांडू द्यायची परीक्षा

आमच्या दिपाताईला पाणी सांडू देता येतं का नाही, यावर तिची नोकरी अडकली होती. हे मी तिच्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणली, "शीले, तिन्हीसांजेला थट्टा करू नको." थट्टा नव्हती, खरंच तसं होतं. पहिल्यापासून सांगते, नाय तर कुणालाच पटायचं नाय.

दिपाताई माझी चुलत बहीण. तिचे वडील मल्हारी बापू मेंढरं राखतात, आई बानाबाई, तिला मी मोठी आई म्हणते. आमची वस्ती अंबडच्या अलीकडं, धनगरांची सतरा-अठरा घरं, खडकाळ रान, आणि पाऊस आला तर आला. बापू दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतात ते पावसाळ्यातच माघारी. वस्तीवरची बारावी झालेली पहिली पोरगी दिपाताई, डीएड झालेली पण पहिलीच. माझं आत्ता कॉलेज चालू आहे ते पण तिच्यामुळंच. तिच्याच खोलीत राहते, तिनंच आणलं मला शहरात, चिकलठाण्याला.

२०१२ चा दुष्काळ पडला तेव्हा ती आठवीत होती. वस्तीवर टँकर चार-पाच दिवसांनी यायचा. टँकरवाला जाड पाईप विहिरीत सोडायचा, आणि टँकरला जिथं पाईप जोडायचा तिथं तो जोड गळायचा. सगळ्या बायका बादल्या घेऊन विहिरीवर पळायच्या, आणि ताईचं काम एकच, त्या जोडाखाली उकिडवं बसून तांब्या धरायचा. तांब्या भरला की कळशीत ओतायचा, परत धरायचा. टँकर मोकळा होईपर्यंत, अर्धा-पाऊण तास. दोन वर्षं तिनं हे केलं, मधी शाळा बुडाली तरी केलं. तेव्हापासून तिचा हातच तसा झाला. कुठं टपटप ऐकू आलं की तिचा हात आपोआप खाली जातो, तिला कळत पण नाय. लग्नात लोक अर्ध्या बाटल्या टाकून उठतात ना, ही त्या सगळ्या पर्समध्ये भरते. मला लई लाज वाटायची. गुलमंडीत साडीच्या दुकानात तिनं माझ्या हातातला अर्धा ग्लास घेऊन स्वतः पिला होता, दुकानदारासमोर. मी तिच्यावर चिडले पण होते.

डीएड झालं पण भरती निघेना. तिनं टीईटी पास केली, ट्यूशन घेतल्या, एका बारक्या इंग्लिश शाळेत चार वर्षं काढली, आणि मग बायपासच्या पलीकडं ती नवीन इंटरनॅशनल शाळा झाली तिथं असिस्टंट टीचर म्हणून लागली. असिस्टंट म्हणजे काय, तर मेन टीचर शिकवणार आणि ही कागद कापणार, लेकरांना बाथरूमला नेणार, बुटाच्या लेस बांधणार, बसमध्ये सोबत बसणार. बस सव्वासहाला यायची म्हणून ती साडेचारला उठायची आणि एक तास मोबाईलवर इंग्रजी बोलायची. अंधारात, हळू आवाजात, भिंतीकडं तोंड करून. मला पहिले पहिले वाटायचं ही कुणाशी भांडायलीय.

त्या शाळेची रीतच उलटी. पुस्तक नाय, धडा नाय. तिथं लेकरानं विचारायचं आणि लेकरानंच शोधायचं. टीचरनं उत्तर द्यायचं नाय! डीएडला ताईला शिकवलं होतं, वर्गात शिरलं की पहिलं लेकरांना हाताची घडी तोंडावर बोट. इथं बोट टीचरच्या तोंडावर. पहिल्याच महिन्यात एका पोरानं विचारलं, पाल भिंतीवरून पडत का नाही. ताईला येत होतं, तिनं धडाधड सांगून टाकलं. तिची मेन टीचर नीरजा मॅम, लई चांगली बाई, तिनं ताईला बाजूला घेतलं आणि म्हणली, "दिपाली, तू त्याचा प्रश्न खाल्लास."

"मग काय करायचं होतं मॅम?"

"त्याला विचारायचं, तुला काय वाटतं? आणि गप्प बसायचं. आणि गप्प बसून पण काही होईना, तर वर्गात असं काहीतरी मांडून ठेवायचं की त्याचं त्याला दिसेल. आपण बोलायचं नसतं, मांडायचं असतं."

त्यानंतर घरी मला वैताग. "ताई, भाजीत मीठ टाकलंय का?" तर म्हणायची, "तुला काय वाटतं?" मी उलथनं घेऊन मागं लागायचे. पण खरं सांगते, तिला ते आवडायला लागलं होतं. वर्गात एक भिंत होती, लेकरं आपापले प्रश्न कागदावर लिहून तिथं चिकटवायची. संध्याकाळी घरी आली की चप्पल काढायच्या आधी ती मला त्या दिवसाचे प्रश्न सांगायची. झोपल्यावर मी कुठं जातो. मुंगी मेली तर दुसऱ्या मुंग्यांना कोण सांगतं. एकदा म्हणली, "शीले, मला बारा वर्षं कुणी विचारलंच नाय गं, तुला काय वाटतं म्हणून." एवढं बोलून भांडी घासायला बसली.

दोन वर्षं अशी गेली. मग फेब्रुवारीत नीरजा मॅमच्या नवऱ्याची नाशिकला बदली झाली. दुसरीचा वर्ग मोकळा होणार. शाळेच्या कोऑर्डिनेटर मीनाक्षी मॅम, म्हणजे प्राथमिकच्या सगळ्या टीचर्सचं बघणाऱ्या, त्यांनी ताईला बोलावलं. म्हणल्या, बाहेर जाहिरात द्यायच्या आधी मी तुम्हाला संधी देते. पाण्याचा विषय तुम्ही एकट्यानं घ्या, मी एक तास मागं बसून बघेन. जमलं तर जूनपासून वर्ग तुमचा. आणि न जमलं तर? तर पुढच्या वर्षीपासून शाळा प्रत्येक वर्गाला असिस्टंट ठेवणारच नव्हती, दोन वर्गांत मिळून एक, आणि ती एक ताईपेक्षा जुनी होती. म्हणजे न जमलं तर एप्रिलमध्ये घरी.

आणि विषय कोणता, तर पाणी! त्या वर्षी! आदल्या पावसाळ्यात पाऊस नुसता तोंड दाखवून गेलेला, मार्चमध्येच वस्तीवरची विहीर तळाला, बापू मेंढरं घेऊन पार गोदावरीकडं उतरलेले, मोठी आई वस्तीवर एकटी. आणि आमच्या खोलीवर नळ नवव्या दिवशी. आमच्या मागं बघता बघता सहा मजली तीन बिल्डिंगी उभ्या राहिल्या, तिथं रोज टँकरची रांग, आणि आम्ही दोन ड्रम, चार बादल्या, एक कुकर, सगळ्यात पाणी भरून ठेवायचो. कुकर पण.

शाळेत अंगणात निळा पसरट टब ठेवला, चाळीस-पन्नास लिटरचा. त्यात प्लास्टिकचे मग, नरसाळी, चाळण्या, बाटल्या. लेकरांनी खेळायचं, खेळता खेळता प्रश्न पडतील. ताईनं आदल्या दिवशी सगळं मांडलं. मीनाक्षी मॅम वही घेऊन कोपऱ्यात बसल्या. पहिली वीस मिनिटं मस्त गेली म्हणे. मी तिथं नव्हते, पण ताईनं मला इतक्या वेळा सांगितलंय की मी होते असंच वाटतं.

मग हिमांशू. सात वर्षांचा, बारीक, एक दात पडलेला, वर्गातला सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा पोरगा. अर्धी भिंत त्याच्याच कागदांनी भरलेली. त्यानं मग भरला, टबपासून लांब गेला, खालच्या मातीकडं बघितलं आणि म्हणला, हे मी इथं ओतलं तर ते कुठं जाईल?

हेच! हेच तर पाहिजे होतं सगळ्यांना. मीनाक्षी मॅमनी मान वर केली. हिमांशूनं मग वाकडा केला.

आणि ताईचा हात गेला.

एका हातानं तिनं त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताची ओंजळ मगाखाली, आणि वस्तीवरच्या आवाजात, विहिरीच्या या काठावरून त्या काठाला जातो त्या आवाजात, "आरं ओतू नको की!"

बावीस लेकरं खेळ सोडून बघायला लागली. हिमांशू रडला नाय. त्यानं मग सोडून दिला, दोन्ही हात खिशात घातले आणि जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. ताईच्या ओंजळीत पाणी होतं. ते तिनं परत टबमध्ये नेऊन ओतलं. ती म्हणते मला सगळ्यात जास्त त्याचीच लाज वाटली, की एवढं झाल्यावर पण मी ओंजळ नीट नेऊन ओतली.

तास संपल्यावर मीनाक्षी मॅमनी तिला केबिनमध्ये बसवलं. बाई ओरडल्या नाय. म्हणल्या, "प्रश्न त्याचा होता, दिपाली. हात तुमचा आला."

"चुकलं मॅम."

"पाणी वाया जाऊ नये हे मला पण कळतं. आमच्या सोसायटीत पण टँकर येतो. पण त्याला ते कळलं का? त्याला एवढंच कळलं की विचारलं की मॅम हात धरतात."

मॅमनी वहीत बघितलं आणि म्हणल्या, "पुढच्या गुरुवारी परत बसते मी. तीच मुलं, तोच टब. या वेळी कुणी ओतायला घेतलं तर ओतू द्यायचं. तुम्ही बघायचं आणि विचारायचं. बस."

हे ऐकून मला हसायला आलं, खरंच, मी म्हणलं, "एवढंच? उभं तर राहायचंय!" ताई म्हणली, "तुला येईल. तू २०१२ ला चार वर्षांची होतीस."

मग मला सुचलं. प्रॅक्टिस करायची! मंगळवारी नळ येणार होता. त्या दिवशी सगळं भरून झालं, ड्रम, बादल्या, कुकर, आणि मी ताईला खोलीच्या दारात उभं केलं. मी ओट्यावर मग घेऊन उभी. "हात मागं. मी ओतणार. तू फक्त बघायचं."

पहिल्यांदा मी मग वाकडा केला तर तिनं पायानं बादली खाली सरकवली. हात मागंच होते, पायानं!

"ताई, चीटिंग."

"आपोआप झालं गं."

मग मी म्हणलं धुण्याच्या पाण्यानं करू, वाया तर जायचंच आहे ते. ते मी सगळं ओतलं तर ती निवांत उभी. म्हणली, "याला हात जातच नाय. हे गेलेलंच पाणी आहे. खरं घे." म्हणून खरं घेतलं. नळाचं, नवव्या दिवसाचं. दुसरा मग ओतला तर तिनं डोळे मिटून घेतले. डोळे मिटायचे नव्हते, बघायचं होतं. तेवढ्यात शेजारच्या चाची बाहेर आल्या, त्यांचे हंडे अजून अर्धेच भरले होते.

"क्या कर रईं तुम लोगां? नळ का पानी कायकू फेक रईं? दिमाग फिरा क्या?"

"चाची, इम्तिहान है इसका. नोकरी का."

"पानी फेकने की नोकरी?" चाची कमरेवर हात ठेवून उभ्या. "ऐसी नोकरी हमना भी लगाव ना. तनखा क्या देते?"

मी हसून हसून खाली बसले. ताई हसली नाय. चाची आत गेल्यावर म्हणली, "अजून दोन मग. मग बास. आणि हे चार मग वस्तीवर कुणाला सांगायचे नाय, शपथ घे." चौथ्या मगाला ती उभी राहिली. ओढणीचं टोक दोन्ही हातांनी पाठीमागं धरून, डोळे उघडे. पाणी ओट्यावरून खाली गेलं, पायरीवरून, गल्लीत. ती त्या ओघळाकडं बघत होती आणि तिच्या हनुवटीजवळ काहीतरी हलत होतं. मला एकदम वाटलं आपण हे काय करायलोत. मी मग ठेवून दिला.

शपथ मी घेतली होती. पण त्याच संध्याकाळी मोठ्या आईचा फोन आला, कशी आहेस म्हणली, आणि माझ्या तोंडात काही राहतच नाय, मी सगळं सांगून टाकलं. शाळेचं, हिमांशूचं, मगाचं.

"म्हंजी फी भरून पाणी सांडायला शिकतेत व्हय ती लेकरं?"

"तसं नाय मोठी आई, ते प्रश्न..."

"हितं सहा दिस झाले टँकर नाय."

ताईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि माझ्या डोक्यात एक टपली दिली. बराच वेळ दोघी बोलल्या. मला ताईचंच ऐकू येत होतं. "व्हय... व्हय गं... नाय, रडलं नाय ते... तेच तर. नुसतं लांब उभं राहतंय. भिंतीवर एक कागद लावला नाय त्यानं त्या दिवसापासून." मग ती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणली?

"म्हणली तुझा बाप मेंढरं पाण्यावर उतरली की शिटी पण वाजवत नाय. बुजली की मग दिवसभर पाण्याला तोंड लावत नाय म्हणली." ताईनं चादर अंगावर घेतली. "ते लेकरू बुजलंय शीले. नोकरीचं राहू दे. ते बुजलंय."

बुधवारी ती उशिरा आली. म्हणली मी टबची जागा बदलून आले. शाळेच्या कंपाउंडजवळ करंजाची रोपं लावली होती, दोन वर्षांची, अर्धी वाळलेली. टब तिनं बरोबर त्यांच्या शेजारी नेऊन ठेवला होता. बोलायचं नसतं, मांडायचं असतं! कुणी ओतलंच तर मातीत ओतणार, आणि जाणार कुठं, तर करंजाच्या मुळाशी.

"ताई, लई हुशार हायेस."

"हुशार काय. हात तेवढा तरी गप बसंल."

त्या रात्री ती निवांत झोपली. मला वाटलं सुटलो.

गुरुवारी अकराचं ऊन. लेकरं टोप्या घालून बाहेर. मीनाक्षी मॅम वही घेऊन खुर्चीवर. आणि सगळं ताईनं मांडलं होतं तसंच झालं. एका पोरीनं मग भरून करंजाजवळ ओतला, माती फुस्स करून प्यायली, मग दुसरीनं, मग तिसऱ्यानं. ताई हात मागं घेऊन उभी. "व्हॉट डू यू नोटीस?" म्हणजे काय दिसतंय तुम्हाला, असं विचारत होती, आणि लेकरं सांगत होती, माती काळी झाली, बुडबुडे आले, वास आला. मॅम लिहीत होत्या. असं पंधरा मिनिटं. एवढ्यावर तास संपला असता तर झालं असतं. ताईला पण माहीत होतं, झालं असतं.

पण हिमांशू भिंतीजवळ होता. खिशात हात.

ताई टबपाशी गेली, एक मग भरला, आणि चालत त्याच्यापर्यंत गेली. नुसता मग पुढं धरला.

त्यानं मगाकडं बघितलं नाय, तिच्या तोंडाकडं बघितलं. आणि मराठीत विचारलं, "तुम्ही ओरडणार?"

"नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

मग त्यानं हात खिशातून काढले, पण मग घेतला नाय. म्हणला, "मला बादली पाहिजे."

टबशेजारी एक बादली होती, टब भरायला आणलेली, दहा लिटरची, काठोकाठ. हिमांशूनं एका पोराला हाक मारली आणि दोघांनी मिळून ती उचलली. ताईला वाटलं करंजाकडं नेणार. दोघं उलटीकडं वळले. करंज सोडून, माती सोडून, तिकडं, जिथं बस थांबतात तिथं, सगळं सिमेंटचे ब्लॉक बसवलेलं, एक इंच माती नाय. शाळा व्हायच्या आधी तिथं ज्वारीचं रान होतं म्हणे. दोघं बादली ओढत ओढत मधोमध आले. पाणी हिंदकळत होतं, बुटांवर पडत होतं.

ताई म्हणते तिला तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. लेकरं ओरडत होती पण तिला नुसती टपटप ऐकू येत होती.

हिमांशूनं एकदा मागं वळून बघितलं. ती उभी होती. त्यानं बादली आडवी केली.

दहा लिटर. तापलेल्या ब्लॉकवरून ते असं पळालं की लेकरं त्याच्या मागं पळाली, किंचाळत, टोप्या उडाल्या, आणि पाणी सरळ उतारानं गटारीच्या लोखंडी जाळीत. किती वेळ लागला, माणूस एक घोट गिळतो तेवढा. मागं नुसता ओला डाग, तो पण कडेनं सुकायला लागलेला. ताई जागची हलली नाय. ओढणीची कडेची शिवण तिच्या मुठीत उसवली होती, ते मी संध्याकाळी बघितलं.

हिमांशू जाळीवर पालथा पडला, कान लावून. "मॅम! आवाज येतोय! ते खाली चाललंय!"

ताई गेली, त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसली. इंग्रजीत विचारायचं होतं, ती विसरली. "कुठं चाललंय?"

"माहीत नाही." मग तो उठून बसला. करंजाकडं बघितलं, मग जाळीकडं. कपाळावर आठ्या. "ते तिथं थांबलं. हे पळालं. का?"

उत्तर ताईच्या जिभेवर होतं. सगळंच होतं जिभेवर, ज्वारीचं रान, सिमेंट, विहिरीचा तळ, सगळं. तिनं स्वतःचं बोट स्वतःच्या तोंडावर ठेवलं. खरंच ठेवलं, डीएडला शिकवलं होतं तसं. आणि मग बोट काढून म्हणली, "तुला काय वाटतं?"

दुपारपर्यंत भिंतीवर हिमांशूचे चार कागद लागले.

सुट्टीनंतर मीनाक्षी मॅमनी बोलावलं. म्हणल्या, "जूनपासून वर्ग तुमचा. पत्र सोमवारी मिळेल." आणि दारापर्यंत गेल्यावर म्हणल्या, "दिपाली, मुलांशी इंग्रजीत बोलायचं लक्षात ठेवा. आज दोनदा मराठी झालं."

हे सगळं मला साडेपाचला कळलं. मी उड्या मारल्या, चाचींना ओरडून सांगितलं, पेढे आणते म्हणून चप्पल पण घातली. ताई फरशीवर आडवी झाली होती, पर्स डोक्याखाली घेऊन, सँडल पायातच. म्हणली, "थांब गं जरा. पाय लई दुखायलेत." मी तिच्या सँडल काढल्या. तिच्या चेहऱ्यावर मला पाहिजे होता तसा आनंद नव्हताच. मला रागच आला. दोन वर्षं साडेचारला उठून ही बाई भिंतीशी इंग्रजी बोलली आणि आता नुसती छताकडं बघायलीय!

मीच मोठ्या आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"लागली का गं?" मोठ्या आईनं विचारलं.

"लागली," ताई आडव्या आडव्याच म्हणली.

"सांडलं का मग?"

"सांडलं."

"मगभर?"

"बादलीभर."

मोठ्या आईनं तिकडं "बादलीभर" असं एकदा पुटपुटून घेतलं.

ताईनंच विचारलं, "टँकर आला का?"

"आज आला. दुपारी."

"जोड नीट केला का त्यानं?"

"कुठला करतोय. गळतोय तसाच."

"मग आता तिथं कोण बसतं?"

"मीच बसते की. दुसरं हाय कोण हितं." मोठी आई खोकली. "एक कळशी निघती अजून. आज भरली."

ताई उठून बसली. मोठ्या आईचे गुडघे गेलेत, तिला देवळाची पायरी चढता येत नाय, आणि ती त्या जोडाखाली पाऊण तास उकिडवी बसते.

"बरं झालं लागली ते," मोठी आई म्हणली. "लेकरू आलं का मग पाण्यावर?"

"आलं."

"मग झालं. जेवून घे."

फोन बंद झाला तरी ताईनं तो हातातच धरून ठेवला होता. मी म्हणलं ताई, पेढे आणू का? ती उठली, ड्रमचं झाकण उचलून किती उरलंय ते बघितलं, झाकण नीट बसवलं.

"उद्या आण," म्हणली. "गजर साडेचारचा लाव. बस आहे."